किडनीच्या यादीत नाव लावतो म्हणून ८५ हजार घेतले, यादीत नावच नव्हतं

हे लिहायला मला दोन महिने लागले. पण डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर तसली माणसं अजून फिरतायत म्हणून लिहितेय, निदान एखादं घर तरी वाचावं.

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, तीन एकर कोरडवाहू. बीपीनं दोन्ही किडन्या गेल्या आणि क्रिएटिनिन (किडनी किती बिघडली ते दाखवणारा रक्तातला आकडा) ११ झाल्यावर आम्हाला कळलं. आठवड्यातनं दोनदा डायलिसिस, महात्मा फुले योजनेत फुकट होतंय, पण पहाटेची एसटी, हाताच्या फिस्टुलात (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली शीर) दोन जाड सुया, चार तास पडून राहायचं, आणि परत येताना खिडकीला डोकं टेकून गप्प. त्याचा ब्लड ग्रुप ओ, त्याला ओ ग्रुपचीच किडनी चालते. आई बी पॉझिटिव्ह आणि वर शुगर, भावजय ए. म्हणजे ब्रेनडेड माणसाच्या किडनीसाठी यादीत नाव लावून वाट बघणं एवढंच उरलं.

डायलिसिसच्या वॉर्डाबाहेरच चहाच्या गाड्यावर तो माणूस भेटला, गळ्यात कसल्याशा संस्थेचं कार्ड. गरीब पेशंटला ट्रान्सप्लांट मिळवून देतो म्हणाला, आणि भाषा अशी की आपलाच माणूस वाटावा. "अक्का, साधा गेलात तर नंबर पाचशेच्या पुढं लागतो, मी पन्नासाच्या आत आणतो, वर योजनेची फाइल पण पास करून देतो." यादीचे ६०, फाइलचे २५. मी माझी भिशी उचलली, भावजयीनं गंठण गहाण टाकलं. आधार आणि रेशन कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो घेऊन गेला, आठ दिवसात पत्र आणून दिलं. वर अशोकस्तंभ, खाली गोल निळा शिक्का, मधे भावाचं नाव आणि 'वेटिंग नंबर ४७'. भावानं ते प्लास्टिकच्या फाइलीत घालून उशाखाली ठेवलं होतं, आणि दर महिन्याला त्या माणसाचा व्हॉट्सॲपवर मेसेज यायचा, ४१ झाला, ३६ झाला, आणि त्या दिवशी भाऊ दोन घास जास्त जेवायचा, हे मला विसरताच येत नाही.

सहाव्या महिन्यात म्हणाला यादी लांबतीय, पाच लाख करा, किडनी देणारा माणूसच आणतो, कागदावर नातेवाईक दाखवू. तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. २०२२ मधे पुण्यात असंच झालं होतं, कोल्हापूरच्या एका बाईला १५ लाखाचं आमिष दाखवून पेशंटची बायको म्हणून उभी केली, किडनी काढून घेतली आणि पैसे दिले नाहीत, पेपरात सगळं आलं होतं. किडनीची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, घेणारा पण त्यात अडकतो, पाच ते दहा वर्षं तुरुंग आणि २० लाखापासून पुढं दंड. आणि ती देणारी बाई पण आमच्यासारखीच गरजू असणार ना. मी नाही म्हणाले, दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन बंद.

मग ते पत्र घेऊन पुण्याला गेलो, एका मोठ्या हॉस्पिटलात ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर मॅडम असतात त्यांच्याकडं. त्यांनी पत्र बघितलं पण नाही नीट, पहिला प्रश्न विचारला, "रक्त कुठं दिलं होतं ह्यांनी?" आम्ही एकमेकाकडं बघत बसलो. रक्त कुणी घेतलंच नव्हतं. कॉम्प्युटरवर नाव टाकून बघितलं, नाही.

मॅडमनी समजावलं ते इथं लिहिते, कारण हे आम्हाला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. यादीत नाव फक्त ट्रान्सप्लांटची परवानगी असलेलं हॉस्पिटलच घालतं, आपल्या भागाच्या झेडटीसीसीकडं (म्हणजे दान आलेले अवयव कुणाला द्यायचे ते बघणारी विभागाची समिती; मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा चार आहेत). पेशंटला स्वतः जावं लागतं, तपासण्या होतात, रक्त जातं, डॉक्टर सही करतो. झेरॉक्सवर नोंदणी होतच नाही. आणि ४७, ३६ असा बांधलेला नंबर नसतोच, किडनी आली की ब्लड ग्रुप, किती दिवस थांबलाय, डायलिसिस किती दिवस चाललंय असं बघून त्या वेळी क्रम लागतो, त्यात पैसे देऊन कुणाला वर आणता येत नाही. नोंदणी झाली का नाही ते झेडटीसीसीला स्वतः फोन करून विचारा.

योजनेचं पण तसंच. महात्मा फुले योजनेत किडनी ट्रान्सप्लांटला साडेचार लाखांपर्यंत मिळतात, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र (योजनेचाच मदतनीस) बसलेला असतो, तो फाइल फुकट करतो. धर्मादाय हॉस्पिटलात गरिबांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन जायचं. मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या अर्जाला पण पैसे लागत नाहीत. आमचे २५ हजार ह्याच फुकटच्या कामाचे गेले.

पोलिसात तक्रार दिलीय, पत्र आणि मेसेज जमा केलेत, तपास चालू आहे म्हणतात. ८५ हजार कधीतरी फिटतील, गंठण सुटेल. पण खरी नोंदणी झाली ती सात महिने उशिरा, त्या सात महिन्यात ओ ग्रुपची किडनी आली असती तरी आम्हाला फोन येणारच नव्हता, हे भावाला मी अजून तोंडानं सांगितलेलं नाही. त्याला कळलंय. परवा डायलिसिसवरनं आल्यावर त्यानंच विचारलं, "अक्का, ह्या वेळी खरंच रक्त घेतलंय ना?" मी म्हटलं, घेतलंय, माझ्यासमोर घेतलंय.