तळी, दलदली आणि नाहीसे झालेले एक सरोवर: इंग्लंडच्या एका सहलीचे परीक्षण

दादरमधील एक सहल कंपनी मे महिन्याच्या सुट्टीत इंग्लंडच्या ग्रामीण भागातील सरोवरे आणि पाणथळ जागा दाखवणारी छोट्या गटाची सहल नेते. लंडनला जेमतेम मुक्काम, राजवाडे आणि संग्रहालये जवळजवळ नाहीत आणि उरलेला सगळा वेळ पाण्याच्या आसपास, असा आराखडा आपल्या पर्यटन बाजारात विरळाच. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण जे उणे आढळले ते तिच्यापुरते नसून आपल्याकडच्या बहुतेक सहलींच्या आखणीतच मुरलेले आहे.

सहलीची जाहिरात लेक डिस्ट्रिक्ट या सरोवरांच्या प्रदेशाच्या नावावर होते. हिमयुगातील हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांमध्ये पाणी साचून तयार झालेली ही सरोवरे देखणी आहेत यात शंका नाही. 1951 पासून हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान आहे आणि 2017 मध्ये त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. विंडरमिअर हे सुमारे 17 किलोमीटर लांबीचे, इंग्लंडमधील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर बोटीतून पाहिले जाते आणि मग खरेदीसाठी वेळ दिला जातो. सुट्टीतले महाबळेश्वर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या गर्दीचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. ग्रासमिअर आणि अँबलसाइड या गावांच्या दरम्यानच्या रायडल वॉटरच्या काठाने मात्र गट पायी चालला, आणि तेवढी चाल बोटीपेक्षा अधिक मोलाची वाटली.

ग्लॉस्टरशरमधील स्लिमब्रिज येथे कंपनीच्या माहितीपत्रकाचा लबाडपणा उघडा पडतो. पक्षितज्ज्ञ पीटर स्कॉट यांनी 1946 मध्ये सेव्हर्न नदीच्या खाडीकाठी स्थापन केलेले हे पाणपक्ष्यांचे केंद्र बेविक हंसांसाठी विख्यात आहे. चोचीवरचे पिवळे-काळे ठसे प्रत्येक हंसाचे निराळे असतात आणि त्यावरून एकेक पक्षी ओळखून त्याची नोंद ठेवण्याचे काम येथे 1964 पासून चालू आहे. पत्रकाच्या मुखपृष्ठावर हेच हंस आहेत; पण ते हिवाळी पाहुणे असून मे महिन्यात ते रशियाच्या आर्क्टिक प्रदेशात, आपल्या विणीच्या जागी असतात, हे पत्रकात कोठेही सांगितलेले नाही. पाळीव थव्यातले रोहित पक्षी येथे आहेत, परंतु ठाण्याच्या खाडीत हजारोंच्या संख्येने उतरणारे जंगली रोहित ज्याने ऐरोलीच्या बोटीतून पाहिले आहेत, त्याने तेथे फार वेळ घालवू नये. त्याऐवजी नेने या हवाई बेटांवरच्या हंसकाकडे लक्ष द्यावे. 1950 च्या सुमारास जगात हे पक्षी केवळ तिसेक उरले होते आणि त्यांना वाचवण्यात या केंद्राच्या प्रजनन कार्यक्रमाचा मोठा वाटा आहे.

सहलीचे खरे मोल पूर्व इंग्लंडच्या सपाट मुलखात, म्हणजे फेन्समध्ये आहे, आणि गंमत म्हणजे पत्रकात या भागाला अवघ्या दोन ओळी दिलेल्या आहेत. केंब्रिजच्या मुक्कामावरून एका सकाळी छोटी बस होम फेन या राखीव वनात गेली. तेथे बर्च झाडांच्या मधोमध एक ओतीव लोखंडी खांब उभा आहे. जवळच असलेले व्हिट्लसी मिअर हे सखल इंग्लंडमधील सर्वांत मोठे मानले जाणारे सरोवर 1851 मध्ये शेतजमिनीसाठी उपसून टाकण्यात आले आणि उपसल्यावर जमीन किती खचते हे पाहण्यासाठी हा खांब असा रोवला की त्याचा माथा जमिनीच्या पातळीला यावा. आज तो माथा जमिनीपासून सुमारे चार मीटर उंचावर आहे. गटातील सर्वांत उंच गृहस्थांनी हात वर करून पाहिला, तरी बराचसा खांब वर उरला. खांब जागेवरच आहे, जमीनच खाली गेली आहे. ही जागा आता समुद्रसपाटीच्याही सुमारे पावणेतीन मीटर खाली, म्हणजे ग्रेट ब्रिटनमधल्या सर्वांत सखल जागांपैकी एक आहे.

सहलप्रमुख ताईंनी याचे कारण नीट समजावून सांगितले. ही काळी माती, म्हणजे पीट, पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची बनलेली असते. पाणी काढले की ती आक्रसते, तिच्यात हवा शिरते आणि हळूहळू तिचा कर्बवायू होऊन ती उडून जाते. जमीन खचली की नाले आणि नद्या शेतांपेक्षा उंच राहतात, म्हणून पंप चालूच ठेवावे लागतात. आधी पवनचक्क्या, मग वाफेचे पंप, आता वीज. त्यावर गिरगावच्या एक काकू म्हणाल्या, “म्हणजे आपल्या हिंदमात्याला पावसाळ्यात जे पाणी तुंबतं, ते यांना बारा महिने?” आमच्या शहरात समुद्र हटवून जमीन केली, येथे सरोवर हटवून केली, इतकाच काय तो फरक, अशी चर्चा बसमध्ये पुढे बराच वेळ रंगली. एका नाहीशा झालेल्या सरोवराने विंडरमिअरपेक्षा अधिक बोलायला लावले, हे या सहलीचे श्रेय आहे.

त्याच दिवशी दुपारी विकेन फेन ही दलदल पाहायला मिळते. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने 1899 मध्ये येथे दोन एकरांचा पट्टा घेतला आणि तो त्या संस्थेचा पहिला निसर्ग राखीव ठरला. आज येथे नऊ हजारांहून अधिक प्रजातींची नोंद आहे. भोवतालची शेते खचल्यामुळे न उपसलेली ही दलदल आता आजूबाजूपेक्षा उंच राहिली आहे. त्यामुळे येथे पाणी बाहेर काढायचे नसून आत टिकवायचे असते. फळ्यांची पायवाट सपाट आहे, गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनाही ती जमते आणि चाकाची खुर्चीही तिच्यावरून जाते. दोन्ही बाजूंना डोक्याइतके उंच बोरू वाऱ्याने सळसळत असतात. निरीक्षणाच्या लाकडी खोलीतून, ज्याला पक्षिमित्र हाइड म्हणतात, मार्श हॅरियर या शिकारी पक्ष्याची जोडी दिसली. नराने पंजातले भक्ष्य हवेतच सोडले आणि मादीने खालून उलटे वळून ते अचूक झेलले. हाच पक्षी हिवाळ्यात मुंबईच्या आसपासच्या पाणथळ जागांवर घिरट्या घालताना दिसतो, परंतु ही देवाणघेवाण विणीच्या काळातली असल्यामुळे आपल्याकडे ती पाहायला मिळत नाही.

आणि नेमके येथेच आराखडा फसतो. इंग्लंडमध्ये मे महिन्यात सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, दलदलीवरच्या हालचालींना संध्याकाळीच रंग चढतो, आणि बस मात्र पाचलाच निघते. कारण शहरातील भारतीय उपाहारगृहात सातचे जेवण आगाऊ ठरवलेले असते. पनीर आणि डाळ यांना नावे ठेवण्यासारखे काही नव्हते, पण ते मुंबईतही मिळते. एका संध्याकाळी डबे बांधून दिले असते तर कोणाचीच तक्रार नसती, असे गटातील जैन कुटुंबानेही स्पष्ट सांगितले. दुर्बीण आणण्याची सूचना निघण्याच्या आदल्या आठवड्यात आली, तीही उशिराच म्हणायची.

बसची व्यवस्था, खोल्यांची स्वच्छता आणि सहलप्रमुखांचा अभ्यास या बाबतींत कंपनी चोख आहे, आणि प्रवेशशुल्क व बोटीचे भाडे पॅकेजमध्येच धरलेले असल्यामुळे तेथे वरचेवर खिशात हात घालावा लागत नाही. पाणथळ जागांची आवड असणाऱ्यांनी ही सहल जरूर घ्यावी. केवळ डोंगर-तलावांची छायाचित्रे हवी असतील त्यांनी स्वतंत्रपणे लेक डिस्ट्रिक्ट गाठावे, ते सोयीचे पडेल. हंस पाहायचे असतील तर मेच्या तारखांवर पैसे भरू नयेत, हिवाळी तुकडी निघणार आहे का ते विचारावे. आणि आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विकेन फेनच्या संध्याकाळचे जेवण डब्यात मिळेल, हे दादरच्या कार्यालयातून लेखी घ्यावे.