एसक्यूएमवाला राउटर, सात महिन्यांनी: पिंग तेच, जिटर गेलं

इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये १०० एमबीपीएसचं फायबर आहे. व्हॅलोरंट या ऑनलाइन गेमच्या मुंबई सर्व्हरला पिंग, म्हणजे तिथपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, १२ मिलिसेकंद यायचं. तरी रात्री नऊनंतर समोरचा खेळाडू चालता चालता एकदम चार पावलं पुढे दिसायचा. तक्रार केली की इंटरनेट कंपनीचा माणूस यायचा, स्पीड टेस्टमध्ये ९६ दाखवून जायचा. स्पीड खरंच बरोबर होता.

मग खेळतानाच मागे सलग पिंग लावून ठेवलं. १२, १३, १२, ७०, १४. सरासरी २४, म्हणजे ठीकच. पण लागोपाठच्या आकड्यांतला फरक बघा: १, १, ५८, ५६. त्याची सरासरी २९. हेच जिटर. पिंग कायम ४० असेल तर हात सरावतो. वर-खाली होणाऱ्या पिंगला सरावता येत नाही. हा सर्व्हर १२८ टिकचा, म्हणजे सेकंदाला १२८ वेळा, दर ७.८ मिलिसेकंदांनी गेमचा हिशोब करणारा. ५८ मिलिसेकंद उशिरा आलेलं पॅकेट सात टिक हुकवून येतं.

कारण घरातच निघालं. रात्री ताईच्या फोनचा फोटो बॅकअप चालू व्हायचा. अपलोड भरलं की पॅकेटांची रांग लागते आणि गेमचं एवढंसं पॅकेट त्या रांगेत मागे उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात.

म्हणून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर चालणारा राउटर घेतला, त्यातल्या एसक्यूएममध्ये, म्हणजे पॅकेटांची रांग आवरणाऱ्या सोयीत, केक नावाची पद्धत निवडली आणि अपलोड-डाउनलोड दोन्हीकडची मर्यादा ९० एमबीपीएस ठेवली. ती लाइनच्या स्पीडपेक्षा थोडी कमीच हवी, तरच रांग आपल्या राउटरच्या ताब्यात राहते. आता बॅकअप चालू असतानाही पिंग १२ ते १६. स्पीडमधले दहा गेले, त्याचं मला काहीच वाटत नाही.

वायफायचं दुखणं मात्र यानं जात नाही. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये वायफाय घरोघरी. हॉलमधून मागच्या खोलीपर्यंत कॅट ६ नेटवर्क केबल ओढली तेव्हा उरलेले झटके थांबले. खरं तर पैसे खर्च करायचे तर आधी केबलवर करा.

जुलैमध्ये जिटर परत आलं. या वेळी आधी राउटरलाच पिंग केलं, तर सलग १ च्या आत. राउटरच्या पुढच्या, म्हणजे कंपनीकडच्या पहिल्याच टप्प्याला ६०-८०, मध्येच टाइमआउट. दोन्हींचे स्क्रीनशॉट कंपनीला पाठवले. या वेळी आलेल्या माणसानं स्पीड टेस्ट लावलीच नाही, थेट जिन्यातला डबा उघडला. आत पाणी गेलं होतं. जोड नवा केला आणि संध्याकाळी पिंग पुन्हा १२.