हीट पंप पास, पाइपवरचं रबर नापास : परभणीतल्या लॉजवरचा एक हिवाळा

जाहिरातीतलं सगळं तुम्ही वाचलेलंच असेल, ते सोडतो. पाणी तापवणारं हे हीट पंपाचं मशीन ५०० लिटरचं, सिंगल फेजवर चालणारं, लॉजच्या गच्चीवर दिवाळीच्या तोंडावर बसवलं. हिवाळा सरला, मशीन ठणठणीत आहे. तरी लिहायला बसलो ते कालच्या फोनमुळे. पुरवठादाराकडचा पोरगा म्हणाला, "काका, इन्सुलेशन वॉरंटीत येत नाही."

इन्सुलेशन म्हणजे गरम पाण्याच्या पाइपवर चढवलेली काळ्या रबराची नळी. मशीनसोबत आलेली ती ९ एमएम जाडीची, वरून ना कापड, ना पत्रा. परभणीच्या उन्हात रबर उघडं ठेवल्यावर दुसरं काय होणार? आधी भुरकट पडलं, मग तडकलं, आता हात लावला की भुगा होतो. जिथं शाबूत होतं तिथं खारींनी कुरतडून घरट्याला नेलं. गच्चीवर पाइप बोडका.

एवढ्या महागाच्या मशीनपुढं रबर काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. हिशोब बघा. एक इंची पाइपात मीटरला साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. आमच्या शेवटच्या खोलीपर्यंत तीसेक मीटर पाइप जातो, म्हणजे पंधरा लिटर. पहाटे गिऱ्हाईक नळ सोडतं, हात लावून बघतं आणि अख्खी बादली मोरीत ओततं. वर काउंटरला फोन, "मालक, गरम पाणी नाही." ज्याला थंड म्हणून सोडून दिलं, ते काल आपणच लाईटबिल भरून तापवलेलं पाणी असतं. रात्रभर पाइपात निवलेलं. पाण्याचे पैसे गेले, लाईटचे गेले आणि शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या.

आता मशीनबद्दल. डिसेंबरात लिहिलं असतं तर पाचातले दोनच तारे दिले असते. आपल्याकडं बर्फ पडत नाही, पण परभणीची थंडी कशी असते ते कृषी विद्यापीठाच्या तापमानाच्या बातम्या वाचणाऱ्याला सांगायला नको. दुपारी तिशीच्या आसपास असलेला पारा पहाटे दहाच्या खाली उतरतो. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे हवा जितकी गार तितकं त्याचं काम जड. पुरवठादाराच्या माणसानं टायमर पहाटे तीनचा लावून दिला होता, "सहाला ताजं गरम पाणी" म्हणून. थंडीची लाट आली तशी हवेतली उष्णता ओढणाऱ्या कॉइलवर पांढरा बर्फ धरायला लागला. बर्फ धरला की मशीन स्वतःच उलटं चालतं आणि टाकीतली उष्णता काढून कॉइलला देतं. कमवायचं आणि वितळवण्यात घालवायचं. सहाला पाणी कोमट.

आमच्या लायनीतल्या इलेक्ट्रिशियननं टायमर दुपारी बाराचा केला, आणि मत तिथंच फिरलं. मशीन तेच. ऊन असताना तापवायचं, रात्रभर टाकीत ठेवायचं. टाकीचं पफ, म्हणजे फोमचं कवच, चांगलं जाड आहे, सकाळपर्यंत फारसा फरक पडत नाही. (टाकीला एवढं जाड कवच देणाऱ्याला पाइपला १९ एमएम द्यायला काय जड झालं होतं?)

बचत खरी आहे. ५०० लिटर पाणी २० अंशांवरून ५५ वर न्यायला वीस युनिटांच्या वर उष्णता लागते, गिझरला तेवढी सगळी लाईटमधूनच घ्यावी लागते. हीट पंप दुपारच्या हवेत लाईटच्या एका युनिटमागं तीन युनिटांच्या वर उष्णता काढतो, म्हणजे सहा-सात युनिटांत काम. कमर्शियल दरानं बिल भरणाऱ्याला पुढचं सांगायला नको. शिवाय सकाळी सगळ्या खोल्यांचे गिझर एकदम लागून एमसीबी पडायची, ती कटकट गेली. ५५ अंशांचं हे पाणी थंडात मिसळून आंघोळीपुरतं ४० वर आणलं की पावणेनऊशे लिटरच्या आसपास होतं. माणशी दोन बादल्या धरल्या तरी वीस-बावीस जणांची आंघोळ निघते. फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला लॉज फुल्ल होतं, तेव्हासुद्धा निभावलं.

जर्मनीत म्हणे याच तंत्रानं अख्खी घरं उबदार ठेवतात. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आता हीट पंपापुरतं तरी खरं झालं.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी एक करा. तापमान ६० च्या वर नेऊ नका. पाणी जितकं तापवाल तितका क्षार जास्त धरतो. आमच्या जुन्या गिझरच्या कॉइल पांढऱ्या पापुद्र्यानंच खाल्ल्या. टाकीत मॅग्नेशियमचा दांडा असतो, तो टाकीऐवजी स्वतः गंजतो. तो वर्षाला काढून बघायचा. सर्व्हिसवाला आपणहून कधी सांगणार नाही, विचारल्यावर "हो हो, असतो ना" म्हणेल.

थंडीची बाकी तयारी किरकोळच. जिन्याच्या वरच्या दाराला खाली रबरपट्टी, खिडक्यांच्या फटीत सिलिकॉन, पलंगावर एकेक जादा रजाई. दारातून येणारा वारा थांबला तरी निम्मी थंडी जाते.

पण पाइप. परत पाइपावरच येतो. यावर खरा इलाज रिटर्न लाइन. शेवटच्या नळापासून एक बारीक पाइप परत टाकीत, मध्ये छोटा पंप, टायमरवर फक्त सकाळी चालणारा. मग पहिल्याच बादलीला गरम पाणी येतं. प्लंबरकडून हे विचारलं तर पुरवठादार म्हणतो, "ते आमच्या कामात नाही." कोटेशनमध्ये मात्र 'संपूर्ण गरम पाणी व्यवस्था' असं छापलेलं आहे. आणि रिटर्न लाइन टाकली तरी पाइप बोडकाच असेल तर पंप रोज सकाळी गच्चीवरची हवाच तापवत बसणार. रबर आधी, पंप नंतर.

म्हणून मशीनला साडेचार, ज्यांनी बसवलं त्यांना दीड. लॉज, मेस, होस्टेलवाल्यांनी बेलाशक घ्यावं. ऑर्डर देताना कागदावर लिहून घ्या : पाइपवर १९ एमएम नायट्राइल रबर, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, टायमर दुपारचा.

आमचा शेवटचा हप्ता अजून माझ्याकडंच आहे. पोराला काल तेच सांगितलं, पत्रा चढवा आणि त्याच दिवशी चेक घेऊन जा. तो म्हणाला, "साहेबांना विचारून सांगतो."