गोधडीच्या पोटात काय घालावं: जुनी सोलापुरी की जुनं ब्लँकेट?

गोधडीला वरून-खालून जुनी सुती साडी लावायची, हे ठरलेलंच असतं. अडतं ते आतल्या थरापाशी. मी आईच्या हाताखाली शिवायला शिकलो आणि आतून दोन्ही घालून पाहिलं आहे: जुनी सोलापुरी चादर आणि जुनं अ‍ॅक्रिलिकचं ब्लँकेट.

ब्लँकेट हलकं, मऊ. सुई कुठे अडत नाही आणि धुतलं की लवकर वाळतं, पावसाळ्यात ही मोठी सोय. सोलापुरीची वीणच घट्ट. दोन साड्यांमध्ये ती आली की दर टाक्याला सुई ढकलावी लागते. मी बोटाला चिंधी गुंडाळूनच बसतो. भिजली की दोघांनी धरून पिळावी लागते.

तरी माझा कल सोलापुरीकडे गेला, तो एका त्रासामुळे. ब्लँकेटची पहिली गोधडी नातीसाठी शिवली, वर आईची गर्द निळी साडी. धावदोरा घालतानाच टाक्याटाक्याला पांढरी लव बाहेर यायची. वाटलं, धुतल्यावर जाईल. उलट दोन धुण्यांत टाक्यांच्या ओळींवर लवेचे बारीक गोळे धरले. साडी वापरून विरलेली, त्यात सुईची भोकं. लवेला वाटच मिळाली. नात गोधडीचं टोक तोंडात धरून झोपते. मी चिमटीने एकेक गोळा काढायचो, पुढच्या धुण्याला पुन्हा तेच. शेवटी सगळी उसवली आणि त्याच साड्यांत सोलापुरी घालून शिवली. चार वर्षं झाली, निळ्यावर पांढरा ठिपका नाही.

तुमची साडी घट्ट विणीची असेल तर कदाचित इतका त्रास होणार नाही. घरात ओली गोधडी उचलायला कुणी नसेल, तरी ब्लँकेट बरं. जुन्या गादीचा कापूस मात्र पिंजून घेतल्याशिवाय नको, गुठळ्या होतात.

जुन्या बाजारातून चादर घेतलीत तर कडेचा एक धागा जाळून पाहा. सुती धाग्याची भुरभुरीत राख होते, अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. मग चादर उजेडासमोर धरा. मधोमध, जिथे अंग टेकतं, तिथे ती विरलेली असते. तेवढ्यावर धोतराचा तुकडा टाचा. जुनी चादर धुऊन धुऊन आधीच आटलेली असते, त्यामुळे पुढे गोधडीला चुण्या पडत नाहीत. कोऱ्या चादरीने हा घोळ होतो. ढेकणांची शंका असेल तर आधी कढत पाण्यात भिजवा आणि दोन दिवस कडक उन्हात टाका.