इंग्रजीच्या तासाला मूळनिवासींचा आवाज: सगळीकडे थोडं थोडं की वेगळा कोर्स?
ऑस्ट्रेलियात ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर, म्हणजे तिथल्या मूळनिवासी लोकांचा इतिहास-संस्कृती इंग्रजीसकट सगळ्याच विषयांत मिसळायची असं राष्ट्रीय अभ्यासक्रमच सांगतो. ऐकायला भारीये, पण सगळा भार येतो टीचरवर, आणि ज्याला स्वतःला शाळेत हे कधी शिकवलंच नाही तो बिचारा घाबरत एखादी ड्रीमटाइमची (सृष्टी कशी घडली त्याची मूळनिवासी) गोष्ट वाचून दाखवतो, नायडॉक वीकला, म्हणजे मूळनिवासी संस्कृतीच्या वार्षिक सप्ताहाला, पोस्टर लावतो की झालं काम!

कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मिसळण्यासोबत अजून एक केलं. तिथे इंग्लिश फर्स्ट पीपल्स म्हणून दहावी ते बारावीचा अख्खा कोर्सच आहे, मूळनिवासी लेखकांचं आजचं लिखाण, तोंडी परंपरा, सगळं त्यात, आणि बारावीला तो नेहमीच्या इंग्रजीऐवजी चालतो. त्यात २०२३-२४ पासून शाळा पास व्हायला मूळनिवासी विषयांचे ४ क्रेडिट कंपल्सरी झालेत, म्हणजे हा एक कोर्स केला की पोरांचं एका दगडात दोन पक्षी.

मला विचाराल तर कोर्सच बरा, वर्षभर वेळ तरी मिळतो. फक्त काही गोष्टी ठराविक घराण्यांच्या किंवा कुळांच्या असतात, त्या विचारल्याशिवाय वर्गात सांगायच्या नसतात, आणि ही अडचण दोन्हीकडे सेमच.