हनीपॉट ओळखायला चेकर बरा की स्वतः व्यवहार वाचणं?

हनीपॉट म्हणजे विकत घेता येतो पण विकता येत नाही असा सापळ्याचा टोकन. पॅनकेकस्वॅप या क्रिप्टो अदलाबदलीच्या ठिकाणी बीएनबी या नाण्याच्या जोडीत नवा टोकन दिसला की तो हनीपॉट आहे का हे बघायला दोन रस्ते असतात. हनीपॉट डॉट आयएससारख्या चेकरमध्ये टोकनचा पत्ता टाकायचा, नाहीतर बीएससीस्कॅन ही सगळे व्यवहार दाखवणारी साइट उघडून व्यवहार स्वतः वाचायचे. मी दोन्ही करून पाहिलंय.

चेकर खरेदी-विक्रीची रंगीत तालीम करतो आणि टोकनच्या कोडमधून विक्रीवर किती कर (सरकारी नव्हे) कापला जातो तेही सांगतो. उघड फसवणूक लगेच पकडतो. दिवसाला दहा-पंधरा टोकन चाळणाऱ्याने तो जरूर वापरावा.

पण त्याचं उत्तर त्या घडीपुरतं असतं, आणि माझं बिनसलं ते इथेच. सांगलीत विश्रामबागेतल्या घरी एका रात्री चेकर हिरवा दिसला म्हणून 4,000 रुपयांचा टोकन घेतला. सकाळी चहा उकळत ठेवून विकायला गेलो तर व्यवहार फेल. पुन्हा दाबलं, पुन्हा फेल. गॅस, म्हणजे व्यवहाराचं शुल्क, दोन्ही वेळा गेलं. चार्टवर भाव चढतोच आहे आणि माझ्या हाती दमडी येत नाही. चेकरला पुन्हा विचारलं तर आता तो लाल! टोकनच्या मालकाने रात्रीतून विक्रीवरचा कर वाढवला होता.

तेव्हापासून मी आधी विक्रीचे व्यवहार बघतो. विकणारे पत्ते वेगवेगळे आहेत का? तेच दोन-तीन पत्ते फिरून फिरून विकत असतील तर ती बहुतेक मालकाचीच माणसं, बाकीच्यांना दार बंद. 2021 मधल्या स्क्विड टोकनमध्येही भाव चढत होता आणि बहुतेकांना विकता येत नव्हतं. मग कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे टोकन चालवणाऱ्या कोडमध्ये, कर बदलायचं किंवा पत्ता ब्लॅकलिस्ट करायचं फंक्शन शोधतो, आणि ते कुणाच्या हातात आहे तेही. सोर्स व्हेरिफाय केलेला, म्हणजे कोड सगळ्यांना वाचता येईल असा उघड केलेला, नसेल तर पुढे जातच नाही.

याला वेळ लागतो, सॉलिडिटी ही त्या कोडची भाषा न येणाऱ्याला सुरुवातीला जडही जाईल. पण आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला कोणी नुसता पोत्याच्या तोंडचा माल बघून बोली लावत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतात. शिवाय आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के सरकारी कर आहे आणि एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. त्यापुढे अर्धा तास मला तरी महाग वाटत नाही.

चेकर मी अजूनही वापरतो, पण लाल निघालेले गाळण्यापुरताच. मालकाच्या हातात कर वाढवायची सोय उरली असेल, तर हिरव्या निकालावरही मी ती जोडी सोडून देतो.