'झेन फ्लेश, झेन बोन्स': इंग्लिश वाचनगटात काही महिने वापरल्यानंतर

पाश्चात्त्य मंडळींना बौद्ध विचाराची ओळख करून द्यायला हे पुस्तक चालेल का, असं मला दोन-तीन ओळखीच्यांनी विचारलंय. गेले काही महिने मी ते नेमकं त्याच कामाला वापरतेय, म्हणून सविस्तर लिहिते. इंग्लंडमधल्या लीड्सच्या आमच्या वाचनगटातली बहुतेक माणसं निवृत्त आहेत. लहानपणी चर्चमध्ये गेलेली, आता न जाणारी. मी नागपूरची, बुद्धवंदना ऐकत वाढलेली, दसऱ्याला दीक्षाभूमी ठरलेली. तेव्हा माझ्या मताला एक बाजू आहे, हे गृहीत धरूनच वाचा.

पुस्तक १९५७ चं, जपानी झेन भिक्षू न्योगेन सेन्झाकी आणि अमेरिकी लेखक पॉल रेप्स या दोघांच्या नावावर. खरं तर ही चार छोटी पुस्तकं एकत्र बांधलेली आहेत. पहिल्या भागात झेन या ध्यानावर भर देणाऱ्या बौद्ध पंथाच्या १०१ गोष्टी, दुसऱ्यात मुमोन या चिनी गुरूने तेराव्या शतकात जमवलेले ४८ कोआन (गुरू शिष्याला चिंतनासाठी देतो ते कोड्यासारखे प्रसंग), तिसऱ्यात बैल शोधणाऱ्या माणसाची दहा चित्रं, आणि चौथ्यात चक्क काश्मिरी शैवांचा विज्ञानभैरव हा ध्यानावरचा ग्रंथ. या शेवटच्या भागाला बौद्ध म्हणायचं कारण मला अजून सापडलेलं नाही. झेनची मुळं इथे असतील असं रेप्स सुचवतो आणि पुढे जातो. ओशोंनी १९७२-७३ मध्ये मुंबईत विज्ञानभैरवावर जी प्रवचनं दिली, ती याच इंग्रजी पाठावर. म्हणजे काश्मीरची पोथी अमेरिकेला जाऊन इंग्रजीतून मुंबईत परतली. गटात मी हा भाग घेतलाच नाही. कोआनही दोन-तीन करून सोडले. गुरूशिवाय त्यांची नुसती कोडी होतात. वापर झाला तो १०१ गोष्टींचा.

या कामासाठी गोष्टींची घडण उत्तम आहे. एकेक गोष्ट अर्ध्या-एक पानाची, मोठ्याने वाचायला दोन मिनिटं. शब्द इतके साधे की ज्यांनी आयुष्यात धर्मावरचं काही वाचलेलं नाही तेही अडखळत नाहीत. हा साधेपणा आयता आलेला नाही. सेन्झाकी १९०५ मध्ये कॅलिफोर्नियात आला, घरगडी म्हणून राबला, हॉटेलांत काम केलं, आणि १९२२ पासून भाड्याचे हॉल घेऊन बोलू लागला. स्वतःचा मठ नाही, आज इथे तर उद्या तिथे, म्हणून तो आपल्या सभेला 'तरंगतं ध्यानगृह' म्हणायचा. समोर बसलेले लोक परत येतीलच याची खात्री नसताना सांगितलेल्या गोष्टी आहेत या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत टाकलं, त्यात तोही वायोमिंगमधल्या हार्ट माउंटनच्या छावणीत होता. यातलं काहीही पुस्तक वाचताना जाणवत नाही. मी ही माहिती पहिल्याच बैठकीत सांगते. त्यानंतर लोक गोष्टी जरा वेगळ्या कानाने ऐकतात.

आता तक्रारी. सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट पहिलीच आहे: प्राध्यापक झेन शिकायला येतो, गुरू त्याच्या कपात चहा ओततच राहतो, कप भरून वाहू लागतो, तसाच तू मतांनी भरलेला आहेस, आधी रिकामा हो. गटाला प्रचंड आवडली, आणि चर्चा तीन मिनिटांत संपली. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बिस्किटं पुढे सरकली. चिखलातल्या रस्त्याचीही तीच गत. एक भिक्षू मुलीला उचलून रस्ता ओलांडून देतो, दुसरा रात्रीपर्यंत मनात कुढत राहतो, मग पहिला म्हणतो की मी तिला तिथेच ठेवलं, तू अजून वाहतोयस. आपल्याकडे हीच गोष्ट व्हॉट्सॅपवर सुप्रभातच्या फुलांसोबत फिरते. यातला मुलीला उचलणारा भिक्षू तान्झान म्हणजे १८७९ पासून टोकियो विद्यापीठात बौद्ध ग्रंथ शिकवणारा हारा तान्झान, एवढी एक ओळ जरी तळटीपेत असती तरी गोष्ट जमिनीवर आली असती. तळटीपा मात्र जवळपास नाहीतच.

पहिली मोठी खडाजंगी वाघाच्या गोष्टीवरून झाली. वाघ मागे लागलेला माणूस कड्यावरून वेलीला लोंबकळतो, खाली दुसरा वाघ, एक पांढरा आणि एक काळा उंदीर वेल कुरतडताहेत. शेजारी त्याला एक स्ट्रॉबेरी दिसते, तो ती खातो, आणि किती गोड लागते! गटाने एकमुखाने अर्थ लावला: या क्षणात जगा. मला मात्र ही गोष्ट घरचीच वाटत होती. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला हेच सांगतो. विहिरीत उलटा लोंबकळणारा माणूस, तळाशी साप, वर सहा तोंडांचा हत्ती, मुळं कुरतडणारे काळे-पांढरे उंदीर, आणि मधमाश्यांच्या पोळ्यातून गळणारा मध चाटण्यात गुंग झालेला तो. चिनी भाषेत उतरलेल्या एका बौद्ध सूत्रातही ती आहे. तिथे मधाचे पाच थेंब म्हणजे पाच इंद्रियांची सुखं. दोन्हीकडे मध ही भूल आहे. मरण समोर उभं असताना माणूस चाटत बसलाय, त्याला हलवून जागं करायला ही गोष्ट सांगितली जायची. टॉल्स्टॉयनेही ती याच अर्थाने वापरली. झेनच्या पानावर मधाची स्ट्रॉबेरी झाली आणि भूल होती ती प्राप्ती झाली.

झेनच्या आतून पाहिलं तर या उलटण्यालाही अर्थ असू शकतो, हे मला मान्य आहे. पण तो कळायला आधी मूळ धमकी माहीत हवी. नाहीतर उरते ती सुट्टीच्या जाहिरातीतली ओळ. मी दोन्ही पाठ एका कागदावर शेजारी-शेजारी छापून नेले. त्या संध्याकाळी गट उठायला तयार नव्हता.

जपानी झेन गुरू हाकुइनची गोष्ट वेगळ्याच कारणाने पेटली. शेजारची अविवाहित मुलगी गरोदर राहते, आईवडिलांच्या रेट्याखाली हाकुइनचं नाव घेते. तो 'असं का?' एवढंच म्हणतो आणि मूल सांभाळतो. वर्षभराने ती खरं सांगते, ते मूल परत न्यायला येतात, तेव्हाही त्याचं तेच 'असं का?'. पुस्तकाला त्याच्या मनाचा न ढळणारा तोल दाखवायचा आहे. गटातली एक माजी नर्स म्हणाली, मला त्या मुलीचं सांगा, तिला कोणी काही विचारलं का? पन्नास-साठच्या दशकांत इंग्लंडमध्ये अविवाहित आयांची बाळं अशीच काढून दत्तक दिली जात, आणि तिने ते वॉर्डात पाहिलेलं. यावर पुस्तकापाशी उत्तर नाही. या गोष्टींत दुःख असतं, पण ते कुठून येतं हे क्वचितच विचारलं जातं. आणि चार आर्यसत्यांतलं दुसरं सत्य तर तेवढंच विचारतं.

इथे मला बाबासाहेब आठवणं साहजिक होतं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'सुद्धा १९५७ चाच, तोही मुळात इंग्रजीतच लिहिलेला, मुंबईत छापलेला. साध्या गोष्टींचं सामर्थ्य त्यांनाही ठाऊक होतं, पण मिळेल ती गोष्ट त्यांनी घेतली नाही. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडतो, ही जगभर सांगितली जाणारी कथा त्यांनी बुद्धीला पटत नाही म्हणून बाजूला ठेवली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर मरण पाहिलंच नसेल? त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेला वाद ठेवला: सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, शाक्यांच्या संघात मतदानात हरतो आणि परिव्रज्या, म्हणजे घर सोडून संन्यास, पत्करतो. हे प्रकरण गटात वाचलं, तर पाण्याचे हक्क, बहुमत आणि युद्धाला नाही म्हणणाऱ्याचं काय होतं यावर लोक बोलत राहिले. 'हा बुद्ध आम्हाला कुणी दाखवलाच नव्हता,' असं एकाने म्हटलं. माझ्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते सांगत नाही!

तर घ्यावं का? घ्या. मोठ्याने वाचायला, अनोळखी माणसांना एका टेबलाशी बसवायला याच्या तोडीचं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. एकट्याने सलग वाचू मात्र नका. दहा-बारा गोष्टींनंतर सगळे गुरू एकच वाटू लागतात. आणि बौद्ध धम्म म्हणजे एवढंच असं समजणाऱ्याला भेट देणार असाल तर सोबत दुसरं काहीतरी द्याच.

सध्या मी एक झेन गोष्ट आणि एक पाली गोष्ट अशी जोडी लावते. चहाच्या कपासोबत तराफ्याचा दृष्टान्त जातो. नदी पार झाल्यावर तराफा डोक्यावर घेऊन फिरायचं का, हा प्रश्न स्वतः बुद्ध आपल्या शिकवणीबद्दल विचारतो, त्यामुळे रिकामं कधी आणि कशाचं व्हायचं यावर बोलता येतं. हाकुइनसोबत किसा गोतमी: मेलेलं मूल कडेवर घेऊन, जिथे कोणी मेलं नाही अशा घरातली मोहरी मागत ती दारोदार जाते. इथे आईच सगळं चालून पाहते, गुरू फक्त पाठवतो. पुढच्या महिन्यात थेरगाथेतला (जुन्या भिक्षूंच्या पाली कवितांतला) सुनीत घेणार आहे, सुकलेली फुलं झाडणारा, खालच्या कुळातला. त्याच्यासोबत १०१ पैकी कोणती गोष्ट लावायची ते अजून ठरत नाहीये. जातीच्या उतरंडीला भिडणारी एखादी त्यात कुणाच्या लक्षात असेल तर कळवा.